एक रुपया, उधव्याच्या पंपावर

अदिती शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून ती दुपारी घरीच होती. डहाणूत मसोलीला त्यांचं घर. तिचा नवरा शैलेश रेल्वेत सिग्नलच्या कामावर, त्या दिवशी वलसाडला ड्यूटीला गेलेला. घरात ती आणि सासरे, शांताराम चुरी, असे दोघंच. जेवण झाल्यावर सासरे म्हणाले, "जरा बाजारातून येतो. लिंबं संपलीत." आणि स्कूटर काढून गेले.

अदितीने खिडकीतून त्यांना वळणावर जाताना पाहिलं. तिला त्यांना अडवायचं होतं, पण जीभ रेटली नाही. डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच सांगितलं होतं, यांना आता गाडी चालवू देऊ नका, विसर वाढत जाणार. शैलेश आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला. शांतारामबाबांनी सगळी नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात केली होती, डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले पाडे दुचाकीवरून पालथे घातले होते. अशा माणसाच्या हातातून किल्ली काढून घ्यायची कुणी?

एक गोष्ट मात्र शैलेशने केली होती. बाबांचं पाकीट सारखं हरवायचं, म्हणून त्यांच्या मोबाईलवर पैसे देण्याची सोय करून दिली होती. पैसे अदितीच्या बँकेतून जायचे. बाबांना आकडा लक्षात ठेवायला नको, नुसतं दुकानातल्या चौकोनावर मोबाईल धरायचा आणि बोट टेकवायचं. प्रत्येक खरेदीचा मेसेज अदितीला यायचा. सुरुवातीला बाबांना ते आवडलं नव्हतं. "म्हणजे मी चहा कुठं प्यायलो तेही सुनेला कळणार," असं म्हणाले होते. पण नंतर दोन रुपयांच्या गोळीसाठीसुद्धा मोबाईल काढू लागले.

लिंबांचा मेसेज काही येईना. अदितीने भांडी आवरली, कपडे घड्या करून ठेवले. बाबांना फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला तरी तेच. स्कूटरवर असले की त्यांना फोन ऐकू येत नसे. ती चपला घालून बाजारापर्यंत जाऊन आली. लिंबंवाल्या पुष्पाने सांगितलं, "चुरीकाका आज आलेच नाय."

घरी परत येते न येते तोच मोबाईल वाजला. शंभर रुपये गेले होते. कुणाला, ते तिने वाचलं आणि तिथेच ओट्यावर बसली. एका पेट्रोल पंपाचं नाव होतं आणि त्यापुढे गावाचं: उधवा.

उधवा म्हणजे तलासरीच्याही पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून. बाबा हायवेने गेले होते. त्या ट्रकांच्या गर्दीतून, एकटे. तिथून पुढे रस्ता सिल्वासाकडे जातो, आणि मधे कितीतरी फाटे फुटतात. पण निदान आत्ता, या क्षणाला, ते त्या पंपावर उभे आहेत एवढं तिला कळलं.

तिने बाबांना फोन लावला, पण आता स्विच ऑफ; चार्जिंग करायचं ते नेहमीच विसरत. मग शैलेशला लावला. तो रुळांवर असला की फोन घेत नाही, आत्ताही घेतला नाही. नकाशावर पंप शोधला. सापडला. त्याखाली दिलेला नंबर लावला तर तो अस्तित्वात नसल्याचं एक बाई तीन भाषांत सांगत राहिली. शेजारच्या सुनिलला हाक मारली. त्याची इको गाडी होती, तो लगेच म्हणाला, "चला वहिनी, काढतो." पण डहाणूहून उधव्याला पोचायला तास जाणार. तोपर्यंत बाबा कुठे असतील?

गाडी आशागड सोडून पुढे निघाली तेव्हा अदिती तोच मेसेज पुन्हापुन्हा उघडून बघत होती. पंपाचं नाव, शंभर रुपये, आणि खाली एक बटण: पुन्हा पैसे पाठवा. त्या बटणाकडे तिचं याआधी कधी लक्षच गेलं नव्हतं. ते दाबलं की रकमेखाली चार शब्द लिहायला एक छोटी जागा येते. नंबर नसला म्हणून काय झालं, पैसे तर पोचतात ना तिथे!

तिने रुपया टाकला आणि लिहिलं, "आत्ता पेट्रोल भरलेले आजोबा रस्ता चुकलेत." जागा तिथेच संपली. तिने दुसरा रुपया पाठवला: "पांढरी स्कूटर. थांबवा." तिसऱ्यात आपला नंबर लिहिला. मग पुन्हा पहिल्यापासून. किती रुपये पाठवले ते तिने मोजलं नाही. सुनिल आरशातून बघत होता. "वहिनी, काय करताय?"

"हाका मारतेय," ती म्हणाली.

उधव्याच्या त्या पंपावर सोमी नावाची बाई काम करते. दोन मुलांची आई, जवळच्याच पाड्यातली. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, म्हणून ती खांबाच्या सावलीत उभी होती. खांबाला टांगलेल्या, पैसे आल्याचं सांगणाऱ्या डब्यातून आवाज आला, "एक रुपया प्राप्त हुआ."

तिने वळून पाहिलं. पंपावर कुणीच नव्हतं.

"एक रुपया प्राप्त हुआ." आणि जरा वेळाने पुन्हा, "एक रुपया प्राप्त हुआ."

सोमीला वाटलं, डबा बिघडला. तिने त्याला एक चापट मारली. तरी तो बोलतच राहिला. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला हसायला लागला. तेव्हा ती केबिनच्या दारात जाऊन म्हणाली, "नविनभाई, ही पेटी येडी झाली. गाडी नाय, माणूस नाय, आन् रुपया रुपया करतेय."

नविनभाई पंपाचा मॅनेजर. जेवण करून खुर्चीत रेलला होता. "कोई मस्करी करतुं हशे," असं गुजरातीत पुटपुटत त्याने पंपाचा मोबाईल उघडला. एकाच बाईच्या नावाने रुपयांची रांग लागलेली. त्याने एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि सरळ उठून बसला. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सोमी म्हणाली, "अरे, तो तर मघाशीच गेला! मला इचारलान, माझा दवाखाना कोठं आहे. मी सांगितलं, दवाखाना मागं राहिला. तर तो पुढंच गेला."

नविनभाईने अदितीला फोन लावला. अदिती भराभर बोलत सुटली. "बेन, तुम्ही शांतपणे या," नविनभाई म्हणाला. "आमची बाई गेली पण त्यांच्या मागे." खरंच, त्याने किल्ली पुढे करायच्या आत सोमीने ती उचलली होती आणि त्याची मोटारसायकल घेऊन ती रस्त्याला लागली होती.

ती थोडं पुढे गेली तर फाट्यावर, एका मोहाच्या झाडाखाली, पांढरी स्कूटर उभी. शांतारामबाबा सीटवर बसून दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीने बघत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"बाबा, चला मागं पंपावर," सोमी म्हणाली.

"का? पैसे दिलेत मी." ते एकदम ताठ झाले. "मला उशीर होतोय. म्हैस अडलीये, लोक वाट बघतायत."

घरचे येतायत म्हटलं तर हे गाडी चालू करून निघूनच जातील, असं सोमीला वाटलं. बळजबरी करायची तर माणूस मोठा, आणि त्याच्या डोळ्यांत भीती दिसत होती. मग ती सहज बोलावं तसं म्हणाली, "तुमच्यासाठी फोन आलाय पंपावर."

ते ऐकून बाबांचा चेहरा बदलला. त्यांच्या नोकरीच्या काळात फोन असाच यायचा, कुणाच्या तरी दुकानात, आणि कुणीतरी धावत बोलवायला यायचं. फोन आलाय म्हटल्यावर गेलंच पाहिजे. त्यांनी निमूटपणे स्कूटर वळवली. सोमी मोटारसायकल त्यांच्या बाजूबाजूने हळू चालवत त्यांना परत घेऊन आली.

पंपावर नविनभाईने मोबाईल त्यांच्या कानाला लावला.

"बाबा?" अदिती म्हणाली.

"कोण, अदिती? अगं, तू कुठं आहेस?"

तिला हसू आलं आणि रडूही. "मी येतेय बाबा, वाटेतच आहे. तुम्ही तिथेच बसा. मला एकटीला घरी परतायला भीती वाटते, आपण बरोबर जाऊ."

"बरं. मी थांबतो," ते म्हणाले. "सावकाश ये. ट्रक फार आहेत."

इको पंपात शिरली तेव्हा बाबा केबिनच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. सोमीने त्यांना चहा आणून दिला होता आणि ते बशीत ओतून पीत होते. अदितीला बघून ते उठले. तिला वाटलं, आता म्हशीचं काहीतरी बोलतील. पण त्यांनी नुसता तिचा हात धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी चुकलो होतो गं. चारोटीला हायवेला लागलो तेव्हाच कळलं होतं मला. पण परत कुठं वळायचं ते सुचेना. मग वाटलं, टाकीत पेट्रोल तरी असू दे."

अदितीने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली. मग सोमीकडे वळली आणि पर्समधून पाचशेची नोट काढली. सोमी दोन पावलं मागे सरकली.

"नको ताई. रुपया रुपया करून डोकं फिरवलंस तू आमचं, तेवढं पुरे झालं," असं म्हणून ती मोठ्याने हसली. नविनभाईही हसला. अदितीने नोट परत ठेवली आणि सोमीला मिठी मारली. सोमीच्या कपड्यांना पेट्रोलचा वास होता. ती अवघडून उभी राहिली, मग तिनेही अदितीच्या पाठीवरून हात फिरवला. "माझा बाप पण असाच जायचा निघून," ती म्हणाली. "आमच्यात कोणाकडं फोन नव्हता तवा."

परतताना सुनिलने स्कूटर चालवली आणि इको नविनभाईने ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून डहाणूपर्यंत पोचवली. भाड्याचं विचारलं तर तो ड्रायव्हर म्हणाला, मला तसंही तिकडे मासळीला जायचं होतं. ते खरं होतं की नाही, अदितीला आजही माहीत नाही.

रात्री शैलेश घरी आला. सगळं ऐकून तो बाबांच्या शेजारी बसून राहिला. किल्लीचा विषय बाबांनीच काढला. "मी नाही चालवणार यापुढे," ते म्हणाले. "मला मागे बसवून नेत जा म्हणजे झालं." शैलेशने मान खाली घातली आणि बराच वेळ त्यांचे पाय चेपत राहिला.

पुढच्या रविवारी सुनिलची इको मागून घेऊन तिघंही उधव्याला गेले. घरच्या झाडाच्या चिकूंची पेटी नेली, नविनभाईसाठी, सोमीसाठी, तिच्या मुलांसाठी. सोमीने एक चिकू तिथेच फोडला, अर्धा बाबांच्या हातात दिला. बाबांनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं, गुरं किती आहेत ते विचारलं. एका गाईच्या आचळाला सूज आहे म्हटल्यावर कोमट पाण्याने कसं शेकायचं, दूध कसं काढून टाकायचं ते त्यांनी न अडखळता समजावलं. सोमीने मन लावून ऐकून घेतलं. निघताना तिने त्यांच्या पायांना हात लावला, आणि बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तो बराच वेळ उचलला नाही.

तलासरी मागे पडली. गाडीत वारा येत होता, बाबा खिडकीशी बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती पोरगी कोण गं?"

अदितीने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. लिंबं, हायवे, पेट्रोल, रुपये, मोहाच्या झाडाखाली आलेली सोमी. ते लहान मुलासारखं ऐकत होते, आणि मधेच डब्याला चापट मारल्याचं ऐकून खळखळून हसले.

"फार मोठी गोष्ट केली तिने," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "असं कोण करतं परक्यासाठी? अदिती, आपण एकदा जाऊन तिचे आभार मानले पाहिजेत."

शैलेशने आरशातून अदितीकडे पाहिलं. ती बाबांच्या जवळ सरकून बसली.

"हो बाबा," ती म्हणाली. "जाऊ या ना."