नॅटची काच

देवयानीला विमानांच्या प्रतिकृती करायचा नाद कॉलेजात शिकवायला लागल्यावर जडला. पण नॅट हे छोटं लढाऊ विमान तिनं केलं ते खास बाबांसाठी. लक्ष्मीकांतराव एकाहत्तरच्या लढाईत पंजाबातल्या एका हवाई तळावर मेकॅनिक होते. मग सांवेर रोडवरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. लढाईच्या त्यांच्या गोष्टी सगळ्या हसवणाऱ्याच. मेसमधली पाणीदार डाळ, सायरन वाजताच खंदकात उलटा पडलेला आचारी. देवयानी त्यांवरच लहानाची मोठी झाली.

दिवाळीपासून ती खपत होती. पंखांचे सांधे घासून गुळगुळीत केले, हिरव्या-मातकट रंगाचे पट्टे फवारले, शेपटीवर तिरंगी खूण उमटवली. नखाएवढ्या पायलटला भिंगाखाली मिशी काढली, त्याला खुर्चीत बसवलं आणि वरून कॉकपिटची काच चिकटवून टाकली.

रविवारी दुपारी आई, शारदाबाई, गराडूच्या, म्हणजे कंदाच्या फोडी तळत होत्या. देवयानीनं विमान बाबांपुढे ठेवलं.

"ओळखा!"

बाबांनी चष्मा पुसला. पंखाखालून बोट फिरवलं, चाकं पाहिली. "एकदम बढिया, बेटा," म्हणाले. मग वाकून काचेच्या आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"उघड."

"उघडत नाही बाबा, फिक्स केलीये."

"उघड म्हणतो ना!"

त्यांनी टेबलावरची सुरी उचलली आणि काचेच्या कडेत खुपसली. कड्कन काच तुटली. सुरी घसरून बोटाला लागली, हिरव्या पंखावर रक्त सांडलं, तरी ते टोचतच राहिले. कधी आवाज न चढवणारा हा माणूस पहार मागत ओरडत होता, "कोई सब्बल लाओ रे! साहब अंदर है!"

शारदाबाई झारा घेऊन धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

देवयानीनं बाबांच्या हातातून सुरी काढून घेतली. ते खुर्चीत बसले, धापा टाकत.

"उतरताना चाक मोडलं विमानाचं," ते म्हणाले. "घसरत गेलं, आग लागली. मी पहिला पोचलो. काच अडकली होती. पायलट आतून हातांनी बडवत होता, आणि मी बाहेरून. आमच्यात इतकीशी काच. मग लोकांनी मला ओढून बाजूला नेलं."

"कोण होता हो?" शारदाबाईंनी विचारलं.

"उदयसिंह साहेब. तेवीस वर्षांचा."

"इतकी वर्षं मी तुमच्याजवळ झोपते. मला पण नाही सांगितलं?"

"कुणालाच नाही," बाबा म्हणाले. काहीतरी करायचं म्हणून देवयानीनं चिमटा घेतला आणि पायलटला ओढलं. तो निघेना. तिनं जोर लावला.

"ओढू नको गं!" बाबा ओरडले. "जळलेत, हात सुटतील त्याचे!"

तिच्या हातून चिमटा गळून पडला. आग विझल्यावर साहेबांना बाहेर काढताना बाबांनी काय पाहिलं असेल, ते तिला कळलं. ती बाबांच्या पायाशी खालीच बसली. शारदाबाईंनी गॅस बंद केला, बाबांचं बोट पदरात घट्ट धरलं.

मग बाबा म्हणाले, "मानपूरचा होता. मुंबईला जाताना आपण तिथे चहाला थांबतो ना? त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच."

देवयानीला ती टपरी आठवली. त्या टपरीवर बाबा तिला दर वेळी बिस्किटं घेऊन द्यायचे.

"तुम्ही कधी गेला नाहीत त्याच्या घरी?"

"काय सांगू जाऊन? घरच्यांना कळवलं होतं, जागच्या जागी गेला म्हणून. त्याची धाकटी बहीण आहे अजून. तिनं विचारलं तर काय बोलू?"

शारदाबाईंनी बोटाला पट्टी बांधली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्याच्यासोबत होतो, एवढंच सांगा. मी येते तुमच्याबरोबर मानपूरला."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कधी निघायचं?"