लिंबाच्या चकतीची उगवती बाजू

रामेश्वरनं केलेलं टेबल अखेर मोहनरावांच्या अंगणात चारी पाय वर करून पडलं आणि लग्नाची बोलणी तिथंच थांबली. पण असं काही घडलंच नाही, असं आपण समजू. त्या दिवशी सकाळी रामेश्वरही तसंच समजून होता आणि दारापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालत होता.

सिरसाळ्याकडं जाणारा रस्ता रुंद करताना पारावरचा कडुलिंब गेला. लांब ओंडके ठेकेदारानं उचलले. बुंध्याचा तुकडा मात्र कुणी घेईना. उंचीला गुडघ्याएवढा, रुंदीला गाडीच्या चाकाएवढा. त्यातून ना धड फळी निघते ना चौकट. रामेश्वरनं तो ट्रॅक्टरला बांधून घरी ओढला आणि मशीनच्या करवतीनं त्याच्या आडव्या चकत्या पाडल्या. त्यातल्या सगळ्यात देखण्या चकतीवर त्याचं लग्न अडलं होतं.

कारण धनश्रीचे वडील, माजी सरपंच मोहनराव, त्याला म्हणाले होते, "हाताचा गुणी हायस. पण तू एका जागी बसत न्हाईस. ज्याला बसता येत न्हाई, त्याला पोरगी कशी द्यावी? आधी गावाला बसायला कायतरी कर. गाव बसलं की आपण बी बोलायला बसू."

पारावर बसायची रीत ठरलेली होती. उगवतीला मोहनरावांची माणसं, मावळतीला त्यांचा चुलतभाऊ बिभीषण याची. दोघं एकमेकांशी बोलायचे, पण मध्ये झाड ठेवून. झाड गेल्यावर लोक हॉटेलात चहाला बसले तरी मधोमध बुंधा असल्यासारखे बसायचे, आणि पलीकडचा माणूस बघायचा झाला तर मान वाकडी करायचे.

म्हणजे चकतीचं टेबलही झाडाच्याच दिशेनं लागायला हवं. रामेश्वरला ते ठाऊक होतं. रस्त्याच्या बाजूला, दक्षिणेला, झाडावर गावच्या नावाची पाटी होती आणि तिचा खिळा लाकडात राहिला होता. खिळा रस्त्याकडं केला की उगवती-मावळती आपोआप जागेवर. घोळ एवढाच झाला, की वरच्या अंगाला तडा गेला म्हणून त्यानं चकती पालथी केली, खालच्या अंगाला पॉलिश मारलं आणि पाय ठोकले. खिळा होता तिथंच राहिला. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या गावाची मात्र अदलाबदल झाली.

टेबल मोहनरावांच्या अंगणात मांडलं, दक्षिणेला रस्ता, उत्तरेला घर, आणि मोहनराव उगवतीला खुर्ची टाकून बसले. चहा आला. त्यांचा गुडघा टेबलाच्या कडेला लागला आणि हात खाली गेला.

"रामेश्वर, हे काय लागतंय?"

"वळ हाय तात्या. दाव्याचा."

"कुणाच्या दाव्याचा?"

रामेश्वर टेबलाभोवती फिरायला लागला. उत्तर धनश्रीनं दारातून दिलं. "बिभीषणकाकाच्या म्हशीच्या. दुसरी कुठली म्हैस बांधत होते पाराला?"

"म्हंजे मी कुठं बसलोय?"

"म्हशीच्या जागी, आबा."

मोहनरावांनी कप खाली ठेवला. "फिरव ते टेबल."

"फिरवलं तर पाटीचा खिळा घराकडं येतोय, तात्या."

"मग नको. लोक म्हणतील, मोहनरावानं गावच घरात घेतलं."

रामेश्वरच्या दोन फेऱ्या झाल्या. मग तो म्हणाला, "पालथं करू."

केलं. चारी पाय आभाळाकडं, खिळा रस्त्याकडं, म्हशीचा वळ मावळतीला. सगळं तंतोतंत. मोहनराव समाधानानं उगवतीला बसले. धनश्रीनं एका पायावर बशी ठेवून बघितली. बसली. रामेश्वरही पहिल्यांदाच बसायला वाकला, तेवढ्यात बिभीषण आला.

त्यानं टेबल चौफेर पाहिलं. "हा खिळा पाटीचा कशावरून बे?"

"मग कशाचा हाय?" रामेश्वर म्हणाला.

"माझ्या बॅनरचा. उत्तरेला ठोकलेला मीच."

रामेश्वर टुणकन सरळ झाला. "मग काम झालं की तात्या. पाय खाली करू, खिळा घराकडं करू, तुमी उगवतीलाच राहता."

"म्हंजे ह्याच्या बॅनरचा खिळा माझ्या दाराकडं तोंड करून राहणार," मोहनराव म्हणाले, "अन् त्याच दारातनं मी पोरगी पाठवायची?"

"न्हाईतर म्हशीजवळ बस," बिभीषण म्हणाला. "ती तर काय म्हणत न्हाई."

मोहनराव उठले. "खिळा कुणाचा ते ठरू दे. तवर लग्नाचा विषय न्हाई."

"कसं ठरायचं?" रामेश्वरनं विचारलं.

"झाड बघितल्याबिगर कसं ठरंल?" मोहनराव म्हणाले, आणि बिभीषणनं मान हलवली. कितीतरी वर्षांत दोघांचं एकमत झालं ते हे.

धनश्रीनं रामेश्वरकडं बघितलं. "ऐकलंस ना? मग लाग कामाला. मी काय जन्मभर खिळ्यावर लटकत न्हाई."

रामेश्वरनं उभ्याउभ्याच, भिंतीला कागद लावून रस्ता करणाऱ्या खात्याला अर्ज लिहिला:

"मा. कार्यकारी अभियंता साहेब यांचे सेवेशी. विषय : तोडलेले झाड पुन्हा उभे करून मिळणेबाबत. उपरोक्त विषयी सविनय सादर की, सदर झाडाची दक्षिण बाजू कोणती, याबाबत ग्रामस्थांत वाद असून त्यामुळे अर्जदाराचा विवाह प्रलंबित आहे. तरी मेहेरबानांनी सदर झाड एक दिवसापुरते मूळ जागी व मूळ दिशेने उभे करून द्यावे. पाहणी होताच ते पुन्हा पाडण्यास ग्रामस्थांची कोणतीही हरकत राहणार नाही, ही नम्र विनंती."