एका ओळीची खिडकी

मी पुठ्ठ्याची पट्टी बोलतेय. जरा हळूच बोलते, नाहीतर कुणी खण उघडून बघायचं.

माझा जन्म बुटांच्या खोक्याच्या झाकणातून झाला. काकूंनी ब्लेडने पोटात लांबट भोक पाडलं तेव्हा वाटलं, संपले! पण ती निघाली खिडकी. उताऱ्यावर मला ठेवलं की एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकल्या जातात.

काकूंच्या शेजारच्या ताईसाठी हा खटाटोप. वाचताना तिची नजर दोन-दोन ओळी खाली घसरायची. यंदाही उताऱ्यावरचे प्रश्न चुकले, तर ती त्याच वर्गात राहणार आणि धाकटी बहीण तिच्या शेजारी येऊन बसणार.

"ताई, भिंतीकडची जागा माझी हं!" धाकटी चिडवायची. ताईच्या घामेजल्या बोटांनी मी भिजून जायचे.

काकू शिकलेल्या जेमतेम, पण चौकशा भारी! ताई उतारा वाचायची आणि त्या भाजी निवडता निवडता विचारायच्या, "अगं बाई, म्हातारा घर सोडून गेला? सुनेशी वाजलं का?"

"तसं लिहिलं नाहीये, काकू."

"मग काय लिहिलंय ते सांग की! माझा जीव टांगलाय इथे."

ताई मला घाईघाईने खाली सरकवायची.

परीक्षेत मात्र बाईंनी मला उचललं. "हे काय? असलं काही चालत नाही."

"बाई, तिच्याशिवाय मला..."

बाई ऐकतात कसल्या! मी टेबलावर उताणी. खिडकीतून दिसत होतं फक्त पंख्याचं पातं. सगळीकडे पानं उलटत होती, ताईच्या बाकावरून आवाजच नाही. घसरली वाटतं पहिल्याच ओळीवर!

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने मी डस्टरला टेकून उभी राहिले. बघते तर काय, ताईने दोन बोटं आडवी धरली होती आणि मधे एकच ओळ. ओठ हलत होते, "का गेला? कुठे गेला?"

शेवटच्या उताऱ्यावर होती आणि घंटा झाली. बाईंनी पेपर ओढून घेतला. ताई मला न घेताच बाहेर पळाली. रडत की हसत, कोण जाणे. माझ्या खिडकीत नुसती तिची पाठ मावली.

तेव्हापासून मी बाईंच्या टेबलाच्या या खणात आहे, खडूच्या तुकड्यांत. कधी केरात जाईन, नेम नाही. पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच आहे. शाळा पुन्हा भरलीय. तुम्ही इथवर आलाच आहात, तर तेवढं वर्गात डोकावून या. धाकटीच्या शेजारी कोण बसलंय?

बरी असो, वाईट असो, ती एक ओळ मला वाचून दाखवा. काकूंच्या हाताखाली वाढलेय हो मी, अर्धवट राहिलेलं सोसत नाही.