वेणीतला ताईत

"अंगावर धातूचं काही राहिलंय का? बांगडी, साखळी, काही?" सुवर्णा सिस्टरनं ट्रॉली थांबवून विचारलं.

"नाही," आशा म्हणाली. आणि किती चटकन म्हणाली! शेजारी चर्चचे पाळकसाहेब उभे, पलीकडे सासू भागीबाई, आणि पोरीच्या वेणीत तांब्याचा ताईत. सांगणार तरी कशी?

"काई नाय, बाई. आमी देवाची मान्सं," भागीबाईनं वर ठसक्यात सांगितलं.

"बरं झालं. धातू असला की आतल्या विजेच्या मशीननं चटका बसतो. गेल्या महिन्यात अंगठीपायी एकाचं बोट भाजलं," म्हणत सिस्टरनं सात वर्षांच्या मोहिनीला आत नेलं. अपेंडिक्स सुजलं होतं, ऑपरेशन लगेच करायचं होतं. दार लागलं.

आता हा ताईत आला कुठून? आशाचं माहेर पेठ तालुक्यातलं. तिची आई कमळाबाई अजून भगताला मानणारी. नातीचं दुखणं कळताच ती पहिल्या एसटीनं नाशकात आली आणि भगताकडचा ताईत लेकीच्या मुठीत कोंबून गेली. दुसरी कुणी असती तर पोरीच्या गळ्यात बांधून मोकळी झाली असती. पण आशा पडली संडे स्कूलची बाई! दर रविवारी पोरांना पुठ्ठ्याचं शिरस्त्राण नि पुठ्ठ्याची ढाल करून देणारी. बायबलातली ती देवाची शस्त्रसामग्री अंगावर असली की सैतानाची काय बिशाद, असं छातीठोक सांगणारी. म्हणून तिनं तो वेणीत गुंफला आणि वरून रिबन बांधली. देवही राहिला, ताईतही राहिला.

बाकावर पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. प्रभूनं या लेकराची ढाल व्हावं, असं ते मागत होते, आणि भागीबाई प्रत्येक वाक्याला "होय प्रभू" म्हणत होती. आशाला एक शब्द ऐकू येईना. नवरा मनोज मनमाडहून निघाला होता, पण त्याचा अजून पत्ता नव्हता. सांगावं, तर रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं? सासू तर जन्मभर ऐकवेल. न सांगावं, तर पोरीचं डोकं भाजेल. अगं मग ऊठ की, बाई! पण पाय उचलतील तर शपथ. तेवढ्यात आत ट्रे वाजला आणि तिला राहवेना.

ती धावली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

"सिस्टर, थांबा! तिच्या वेणीत ताईत आहे! मी बांधलाय, मीच!"

प्रार्थना अर्ध्यावर थांबली. सिस्टरनं दार किलकिलं करून ऐकलं आणि तशीच आत पळाली. मागे वळून बघायची आशाची छाती होईना.

सिस्टर परत आली ती तापूनच. "अजून भूल दिली नव्हती, म्हणून बरं!" तिनं तळहात पुढे केला. त्यावर दोन ताईत होते. "हा वेणीतला. आणि हा कमरेचा, गाऊन घालताना मीच कापला. आणखी कुठे दडवलंय का? आताच सांगा."

आशा बघतच राहिली. कमरेचा तिचा नव्हता.

"त्यो माझा," मागून भागीबाई म्हणाली. तिचा ठसका पार उतरला होता. "काल पोर तळमळाया लागली, तवा लय भ्या वाटलं गं."

आशाला राग यावा की हसू, तेच कळेना. पाळकसाहेबांनी दोघींकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा करून दिली. सिस्टर आत गेली, दार पुन्हा लागलं.

एरवी प्रार्थनेला उभी राहिली की भागीबाई पाव तास खाली बसत नसे. आता तिनं सुनेचा हात घट्ट धरला आणि तिला दोनच वाक्यं सुचली.

"देवा, पोरीच्या अंगावर आता कायबी नाय. तूच हाय."

आशाला आमेन म्हणायचं होतं, पण तिला हुंदकाच आवरेना.