ठकूला मारलेली हाक

गळ्याचं ऑपरेशन होऊन ज्यांचा आवाज गेला, अशा माणसांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. साडेचार हजार सभासद. तो सांभाळायचे दोघं: एक निवृत्त मास्तर आणि एक शिवणकाम करणारी बाई. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात तसं काम, पण नऊ वर्षं दोघांनी ते नेमानं केलं.

मास्तरांचा स्वतःचा आवाज गेलेला. हवा गिळायची, ढेकरेसारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द चढवायचा, अशी एक रीत असते. ती शिकवणारे एकशे बारा धडे त्यांनी रेकॉर्ड करून ग्रुपवर ठेवले होते. बाईचा आवाज शाबूत होता. ऑपरेशन झालं होतं तिच्या नवऱ्याचं. तो पुढे हृदयविकारानं गेला, तरी ही ग्रुपवर राहिली. सभासद आपला घोगरा, फुटका आवाज रेकॉर्ड करून टाकत आणि बाई मशीनवरचं काम थांबवून तो ऐके, खाली टाइप करी: "हे म्हणतायत, आज दुकानदाराला पहिल्यांदा माझं बोलणं कळलं." त्या आवाजांतलं तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला समजत नसे.

मग कंपनीची नोटीस आली. यंत्रानं बनवलेल्या खोट्या आवाजांचा सुळसुळाट झालाय, तेव्हा यापुढे प्रत्येक रेकॉर्डिंग तपासलं जाईल. जे माणसाचं वाटणार नाही ते आपोआप निघेल. तीनदा निघालं तर खातं कायमचं बंद. आणि काढलेलं परत ठेवायचा अधिकार ग्रुप सांभाळणाऱ्यांना राहणार नाही.

इतर ग्रुपच्या लोकांनी निषेध म्हणून आठवडाभर ग्रुप बंद ठेवायचं ठरवलं. मास्तरांचा फोन आला.

"आपणही... कुलूप घालू." दोन शब्द, एक घोट हवा, पुन्हा दोन शब्द.

"आणि काल ऑपरेशन झालेला कुणी आला तर? त्यानं दारातून परत जायचं?"

"ताई, आत येऊन... थोबाडीत खाण्यापेक्षा... परत गेलेला बरा."

"आपली माणसं खरी आहेत, मास्तर. यंत्राला एवढं तरी कळेलच की."

"मग निदान... लिहा वर... सध्या आवाज... टाकू नका म्हणून."

ते तिनं टाइप केलं. वाचून पाहिलं. जेमतेम तोंड उघडू लागलेल्या माणसांना गप्प बसा सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं ते पुसून टाकलं.

तपासणी सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती एका शर्टाची कॉलर लावत होती. ग्रुपवर एक बसड्रायव्हर होता. चार महिने नुसता लिहायचा, आवाज कधीच टाकला नव्हता. बाई त्याच्या मागे लागायची, "एक शब्द टाका हो, ऐकायला आम्हीच आहोत." त्या दुपारी त्याचं रेकॉर्डिंग आलं. नऊ सेकंदांचं. तिनं कात्री बाजूला ठेवली.

"ठके... ये जेवायला."

ठकू त्याची सहा वर्षांची लेक. बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. खाली ती लिहू लागली, तेवढ्यात रेकॉर्डिंग नाहीसं झालं. त्या जागी ओळ उमटली: "हा आवाज मानवी नसल्याचे आढळले."

तिनं घाईघाईनं त्याला लिहिलं, "चूक यंत्राची आहे, परत टाकू नका." पण तो वाचत नव्हता. उच्चार नीट झाला नाही असं वाटून त्यानं तेच वाक्य पुन्हा टाकलं, अगदी सावकाश. ते गेलं. मग तिसऱ्यांदा, जीव खाऊन मोठ्यानं. तेही गेलं, आणि पाठोपाठ त्याचं खातं.

त्याचा फोन नंबर तिला त्याचं ऑपरेशन झालेल्या इस्पितळातल्या नर्सकडून मिळाला. फोन बायकोनं उचलला. "ते आता तोंडच उघडत नाहीत, मावशी," एवढंच बोलली. बाई दुसऱ्या दिवशी बस पकडून दोन तासांवरच्या त्यांच्या घरी गेली.

ड्रायव्हर खिडकीपाशी बसला होता, गळ्याच्या भोकावर पांढरं कापड, मांडीवर पाटी. आडव्या हाडाचा माणूस, पण खांदे पडलेले.

"अहो, मी ऐकलं ना," बाई म्हणाली. "ठके, ये जेवायला. शब्दन् शब्द कळला मला."

त्यानं पाटीवर लिहिलं: "तुम्हाला सवय आहे."

"घरच्यांना तर कळतं ना? लेकीला कळतं!"

त्यानं पाटी पुसली, सावकाश लिहिलं: "घरचे लाड करतात. यंत्राला कुणाची भीड नाही."

दारातून पोरगी म्हणाली, "बाबा, म्हणा ना परवासारखं." त्यानं गळ्यावरच्या कापडावर हात ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

बायको स्टॉपपर्यंत पोचवायला आली. "चार महिने आरशापुढे घोकत होते. ग्रुपवर टाका म्हणून मीच मागे लागले हो."

"अगं, तुझा काय दोष? सध्या आवाज टाकू नका असं सगळ्यांना सांगायला हवं होतं मी. लिहिलेलं पुसलं मी."



पुढच्या पंधरवड्यात मास्तरांचे एकशे बारा धडे एकामागून एक निघाले. बाईच्या नवऱ्याची रेकॉर्डिंगंही गेली. ती तिनं दुसरीकडे कुठं जपून ठेवली नव्हती. आहेत की तिथं, असं वाटायचं. दोघांनी कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. मास्तर तिला एकदाही "बघा, मी सांगत होतो" म्हणाले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

दोन महिन्यांनी नियम बदलला. डॉक्टरांचा दाखला दिला की असा आवाज चालेल, बंद झालेली खाती उघडतील. काढून टाकलेलं मात्र परत मिळणार नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मास्तर पहिल्या धड्यापासून पुन्हा रेकॉर्ड करायला बसले.

बाईनं ड्रायव्हरच्या घरी फोन लावला.

"सांगितलं मी त्यांना," बायको म्हणाली. "नुसती मान हलवली, नको म्हणून. आता डेपोच्या गोदामात काम दिलंय. तिथं बोलावं लागत नाही, म्हणून खूश आहेत म्हणे."

"आणि ठकूशी?"

"टाळी वाजवतात, मावशी. एक टाळी म्हणजे ये, दोन म्हणजे जेवायला. पोरीला सगळं कळतं. हे बघा, आत्ताच..."

फोनमधून लागोपाठ दोन टाळ्या ऐकू आल्या आणि मग पोरीची धावती पावलं.

"पळाली बघा," बायको म्हणाली.