उलटी बसवलेली पट्टी

त्या प्रयोगशाळेच्या दोन खोल्या एकाच घरातल्या दोन बायकांनी वाटून घेतल्या होत्या. खाली वहिनी. तिच्याकडे सहा मीटर लांबीची काचेची टाकी, एका टोकाला फळीआड अडवलेलं पाणी आणि मधोमध तळाला घट्ट बसवलेली रबराची उभी पट्टी. फळी उचलली की पाणी धावत येऊन पट्टीवर आदळायचं आणि ती किती वाकली ते कॅमेरा टिपायचा. वर तिची नणंद. तिच्याकडेही तेच पाणी, तीच पट्टी, पण कॉम्प्युटरमध्ये. 'हिचे पाय काही ओले होत नाहीत,' हे वहिनी दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच.

नदीकाठच्या वस्तीपुढे अशाच रबराची भिंत उभी राहायची होती. दोन वर्षांत बासष्ट चाचण्या झाल्या आणि वरचे आकडे खालच्यांशी तंतोतंत जुळले. प्रयोगशाळेच्या साहेबांचे पाय आनंदाने जमिनीला लागेनात. आता रिपोर्टवर फक्त वहिनीची सही राहिली होती.

सोमवारी वहिनीचं डावं बोट फळीत चेमटलं. पाण्यात हात घालायची सोय उरली नाही, म्हणून तिने पट्टीला हात न लावता पाण्याचे एकामागून एक मारे दिले. पाचव्या माऱ्याला पट्टी अशी लवली की पाणी तिच्या डोक्यावरून खुशाल पलीकडे गेलं.

राग आला की वहिनी नणंदेला अहो-जाहो करायची.

"वन्सं, तुमच्या लाडक्या मॉडेलला विचारा, पाचव्या वेळी काय होतं ते."

"पहिल्या वेळी होतं तेच. दर वेळी पट्टी सरळच उभी असते ना."

"खाली या. डोळ्यांनी बघा."

नणंद खाली आली, काचेला नाक लावून उभी राहिली. "वहिनी, ही पाणी यायच्या आधीच वाकलीय, मागच्या माऱ्यांचा बाक तसाच राहिलाय. इतके दिवस तू काय करत होतीस?"

"काय करणार? मारा झाला की काढायची, फरशीवर दाबून सरळ करायची आणि उलटी बसवायची. वाकडी पट्टी बरी दिसते का टाकीत?"

बोलून झालं आणि वहिनीने आपलंच बोलणं ऐकलं. तोंडावर कुणी थप्पड मारावी तसा तिचा चेहरा झाला.

"हे वहीत कुठे आहे?" नणंदेचा आवाज चढला. "मी दोन वर्षं तुझ्या हाताचं गणित मांडत बसले."

"चहा ढवळला हे कुणी लिहून ठेवतं का? आणि तुम्ही एकदा तरी जिना उतरून विचारलंत? पाय झिजले असते?"

आरडाओरडा ऐकून साहेब आले. सगळं ऐकून घेतलं आणि समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "बोटाला लागलं, म्हणून एक चाचणी बिघडली. तेवढी एक वगळून टाका. बासष्ट विरुद्ध एक."

"त्या बासष्ट माझ्या हाताच्या आहेत, साहेब. पट्टीची ही एकटीच."

"तुम्ही भावनेच्या भरात..."

"पूर आल्यावर दर लाटेनंतर ती भिंत उपटून सरळ करायला कोण जाणार आहे? तुम्ही? गमबूट आहेत का?"

नणंदेला हसू फुटलं, पण ते रागातच विरलं. "माझं मॉडेलही दर वेळी पट्टी नव्याने सरळ उभी करतं, साहेब. चुकीत आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. ते जुळणारे ग्राफ मी रिपोर्टमधून काढतेय."

"मग दोन वर्षं पाण्यात गेली. तुमचीच," साहेब म्हणाले.

"गेली," वहिनी म्हणाली. "त्या वस्तीतली माणसं जाण्यापेक्षा बरं."

तिने चाचण्यांची वही ओढली, पहिल्या चाचणीचं पान उघडलं आणि कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं : 'पट्टी हाताने सरळ करून उलटी बसवली. निकाल ग्राह्य धरू नये.' खाली सही. मग दुसरं पान. मग तिसरं.

साहेब वहीवर वाकले. "शेवटी एकदाच लिहून चाललं असतं."

"मी केलंय बासष्ट वेळा," वहिनी मान वर न करता म्हणाली आणि चौथ्या पानाला लागली.