सासूबाईंचं हाड

माणसाच्या हाडात किती चुना असतो हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. त्यांना फक्त रिपोर्ट हवा असतो. सासूबाईंच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली, सर्जननं बोराएवढा तुकडा काढला आणि तो आला नेमका माझ्याच टेबलावर, कारण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हाडांचं काम मीच करते. गाठ साधी की कॅन्सरची, हे त्या तुकड्यावरून ठरणार होतं.

"एवढंसं तर हाड आहे," नवरा म्हणाला. "काप आणि बघ."

"आण सुरी. तूच काप."

पी हळद आणि हो गोरी! अहो, हाड आधी फॉर्मालिनमध्ये मुरवावं लागतं, नाहीतर आतल्या पेशी नासतात. मग सौम्य ॲसिडात ठेवून चुना काढायचा. चुना गेला की हाड रबरासारखं वाकतं, आणि मगच मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ पापुद्रे काढता येतात. रोज ॲसिड बदलायचं आणि काढलेल्या ॲसिडात औषधाचे थेंब टाकून बघायचं. गढूळ झालं, म्हणजे चुना अजून सुटतोय. आमचं रोज गढूळ होत होतं.

नणंदेनं फोनवर अक्कल पाजळली, "वहिनी, जरा जहाल ॲसिड घाल ना. झटक्यात होईल."

"होईल की. पेशींचा लगदाही होईल. मग रिपोर्टात काय लिहायचं, तुझं नाव?"

या लोकांपायी माझ्या नाकी नऊ आले होते. त्यात सासूबाई! लग्न झाल्यापासून त्या मला गोगलगाय म्हणतात. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी नर्सला सांगितलं, "माझं हाड गोगलगायीकडे गेलंय. रिपोर्ट येईपर्यंत मी वर पोचलेली असेन." नर्सनं ते मला हसत हसत सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात मी जास्तच जपून काम केलं.

अखेर एकदाचं ॲसिड नितळ राहिलं. मेण झालं, पापुद्रे निघाले, रंग चढला. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे स्लाइड न्यायला उठले, तोच फोन वाजला. सासूबाई! आल्या आगीत तेल ओतायला, मी मनात म्हटलं.

"झालं का गं?" आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच येईना. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तसं नाही गं. घाई करू नकोस. तुझं सावकाश चालू दे."

हे ऐकायला मी लग्नापासून आसुसले होते. ऐकलं आणि उठलेली मी परत खुर्चीत बसले. ही बाई कशाला घाबरत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"हाड अजून कडक आहे, आई," मी म्हणाले. "वेळ लागेल."

"लागू दे."

एरवी बोलणं संपलं की फोन आपटणाऱ्या सासूबाईंनी तो ठेवला नाही. मीही नाही. एका हातानं फोन कानाशी धरून, दुसऱ्या हातात स्लाइड घेऊन मी निघाले. डॉक्टरबाईंची खोली शेजारीच आहे. तिथं पोचायला मला फार वेळ लागला.